काशीतलं हरभऱ्याचं झाड

काशीत माणसाची बढती फार भराभर होते. स्टेशनाबाहेरच्या ई-रिक्षावाल्यासाठी मी ‘भइया’ होतो. गोदौलियाला उतरलो तोवर ‘बाबूजी’ झालो. चौकात साडीवाल्याने ‘सेठजी’ केलं, ठठेरी बाजारात पानवाल्याने ‘राजा’ केलं, चौखंब्याच्या वळणावर एका अनोळखी गृहस्थाने नुसती वाट देताना ‘गुरु’ म्हटलं आणि मंगला गौरीच्या दाराशी फुलं विकणाऱ्या पोराने तर थेट ‘महाराज’! ज्या कचेरीत माझी हयात गेली तिथे सीनियर क्लार्कचा हेड क्लार्क होईपर्यंत माणसाच्या डोक्यावरचे केस जातात. इथे एका सकाळीत गादीवर बसवलं.

अडचण एवढीच की हुद्दा वाढला की दरही वाढतो. भइयाला वाजवी पैशांत आणून सोडणारं शहर महाराजांना जास्वंदीच्या एका माळेचे दीडशे रुपये सांगतं, आणि महाराजांना घासाघीस शोभत नाही. मी ‘तीस’ म्हणणार होतो. तो शब्द जिभेवर आलेलाही होता. पण पोरगा इतक्या आदराने वर बघत होता की तोंडून निघालं, ‘बरं, दोन दे.’

स्तुतीची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. मी ज्या घरात वाढलो तिथे ‘वाईट नाही’ हे सर्वोच्च पदक होतं. ‘छान’ हा शब्द आमच्या घरी नव्हता असं नाही. पण तो पाहुण्यांच्या कपबशांसारखा कपाटात वरच्या फळीवर ठेवलेला असायचा. वडिलांनी आईच्या पुरणपोळीचं कौतुक आयुष्यात एकदाच केलं, ते असं: ‘आज फाटली नाही.’ आई ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं शेजारणींना सांगत असे, आणि शेजारणी हेव्याने गप्प होत.

हीच आमची माणसं चौकात फ्लेक्स लावायची वेळ आली की मात्र काय होतं कळत नाही. घरात बायकोला ‘भाजी बरी झालीय’ म्हणताना ज्यांचा घसा आवळतो, ते वॉर्डातल्या एका तरुणाच्या वाढदिवसाला ‘कार्यसम्राट’, ‘युवकांचे हृदयसम्राट’, ‘गोरगरिबांचे आधारवड’ आणि ‘भावी आमदार’ असं सगळं एकाच खांबावर टांगतात. तरुणाचं वय चोवीस. आधारवडाला अजून मिशी नीट फुटलेली नाही. सत्कार समारंभांत तर वक्ता ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ असं म्हणून जो परिचय सुरू करतो, तो संपेपर्यंत सत्कारमूर्तीच्या मांडीवरच्या नारळाला कोंब यायचा बाकी असतो. म्हणजे माल आमच्याकडेही भरपूर आहे. आम्ही तो किरकोळीत विकत नाही इतकंच.

तर काशीला जायचं निमित्त होतं मंगळागौर. मावशीच्या मुलीचं लग्न त्या वर्षी झालं. श्रावणातल्या मंगळवारी पहिली मंगळागौर करायची, म्हणजे पुण्यात हॉल, केटरर, सोळा प्रकारच्या पत्री आणि हल्ली झिम्मा-फुगडीचे खेळ करून दाखवणारे बायकांचे ग्रुप भाड्याने मिळतात तो एक, एवढ्यावर भागलं असतं. पण मावशीने कुठेतरी ऐकलं की काशीत नऊ गौरी आहेत, चैत्रातल्या नवरात्रात रोज एकीचं दर्शन घेतात, आणि त्यांतली आठवी साक्षात मंगला गौरी आहे.

‘मूळ पीठ सोडून हॉलमध्ये कसली मंगळागौर?’ मावशी म्हणाली. ‘आणि आमच्या जावईबापूंना काशी दाखवायची आहे.’

जावईबापूंबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. मावशीच्या मते ते हिरा आहेत. मुलगा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, शांत आहे, जेवताना आवाज करत नाही. पण लग्न ठरल्यापासून मावशीच्या तोंडी त्यांची जी कीर्ती वाढत गेली तिला धरबंध राहिला नाही. त्यांनी लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडलं, ती बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्यांनी एकदा स्वतः चहा केला, त्याचा फोटो आला. फोटोत चहा फुटलेला स्पष्ट दिसत होता. खाली एकोणीस जणांनी हात जोडले होते. त्याच आठवड्यात मुलीने सगळ्यांची रेल्वेची तिकिटं, राहायची सोय आणि परतीचं विमान ऑफिसच्या कामातून वेळ काढून ठरवलं. त्यावर मावशी म्हणाली, ‘खालचा बर्थ नाही का मिळाला?’

आम्ही पोचलो तेव्हा पहिली विकेट पंचांगाची पडली. आपला श्रावण अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा सावन पौर्णिमेला. म्हणजे राखी बांधून झाली की आपल्याकडे अर्धा श्रावण शिल्लक असतो आणि काशीत भाद्रपद लागलेला असतो. आम्ही नेमके राखीनंतरच्या मंगळवारी, नऊवारी, नथ, पत्री आणि सोळा दिवे घेऊन दाखल.

‘माताजी,’ मंदिराच्या रस्त्यावर एकाने अत्यंत अदबीने सांगितलं, ‘सावन तो बीत गया.’

मावशी थबकली. मग म्हणाली, ‘ह्यांचा बीतला असेल. आमचा चालू आहे.’ आणि पुढे निघाली. त्या माणसाने मागून हात जोडले. ‘वाह! क्या श्रद्धा है माताजी की!’ तो म्हणाला आणि न विचारता आमचा वाटाड्या झाला.

त्या गल्ल्यांमधून पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटाड्या लागतोच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. बैल आला तर दोघांनी. आणि स्कूटर आली तर बैलानेसुद्धा. अशा गल्लीत आमचा हा नवा स्नेही प्रत्येक कोनाड्यापाशी थांबे आणि सांगे, ‘ये सबसे प्राचीन.’ पुढचं देऊळ ‘इनसे भी प्राचीन.’ एका शिवलिंगाच्या दर्शनाने सगळ्या काशीचं दर्शन घडल्याचं पुण्य होतं. दहा पावलांवरच्या दुसऱ्याच्या दर्शनाने पहिल्याच्या दर्शनाचं पुण्य दसपट होत होतं. मावशी प्रत्येक ठिकाणी नाणं ठेवत होती. मी मनात बेरीज करत होतो. चौखंबा संपेपर्यंत माझ्या खात्यात इतके अश्वमेध जमा झाले होते की घोडे कुठे बांधायचे हा प्रश्न होता.

वाटाड्याच्या बाजूने हेही सांगायला हवं की त्याने हे पदरचं काही सांगितलं नाही. स्कंदपुराणातलं शंभर अध्यायांचं काशीखंड याच रीतीने चालतं. काशीतलं प्रत्येक कुंड, प्रत्येक लिंग, प्रत्येक विनायक आपापल्या अध्यायात सर्वश्रेष्ठ. एकालाही दुसरा नंबर नाही. आणि स्तोत्र संपलं की फलश्रुती. आधी देवाची स्तुती, मग त्या स्तुतीची स्तुती. हे वाचणाऱ्याला अमुक मिळेल, ऐकणाऱ्याला तमुक मिळेल, आणि नुसतं घरात ठेवणाऱ्याचंही वाईट होणार नाही. पुस्तकाच्या पाठीमागे मजकूर छापणाऱ्या आजच्या प्रकाशकांना ही धिटाई अजून साधलेली नाही.

मंगला गौरीचं देऊळ पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, गल्लीत. मोठं काही नाही. ‘मूळ पीठ’ ऐकून मावशीने मनात जे शिखर बांधलं होतं ते कुठे दिसेना, म्हणून ती दोनदा विचारून आली, ‘हेच ना?’ पण कथा मोठी आहे. आत गौरीबरोबर गभस्तीश्वर नावाचं लिंग आहे आणि मयूखादित्य नावाचा सूर्य आहे. काशीखंडात सांगितलंय की सूर्याने इथे गौरी आणि गभस्तीश्वर ही दोन्ही दैवतं स्थापून घोर तप केलं. तपाने त्याचं तेज असं भडकलं की त्रैलोक्य होरपळायला लागलं, तेव्हा शंकराने येऊन त्याला हाताने स्पर्श केला. सूर्य भानावर आला. आणि शुद्धीवर येताच त्याने पहिलं काम काय केलं, तर शंकराची चौसष्ट नावांनी स्तुती केली आणि लागलीच गौरीचं अष्टक म्हटलं. तपाच्या वेळी आकाशात त्याचा देह दिसत नव्हता, नुसते मयूख म्हणजे किरण दिसत होते, म्हणून शंकराने त्याला मयूखादित्य नाव दिलं.

मला या कथेने फार धीर आला. अर्ध्या देशाचं अर्घ्य रोज सकाळी ज्याच्या नावाने पडतं त्या सूर्यालासुद्धा वरिष्ठ भेटल्यावर चौसष्ट विशेषणं पाठ असावी लागतात, तिथे आपण साहेबांच्या टायचं कौतुक केलं तर एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. आणि एक बारकावा पाहा. नवऱ्याची स्तुती संपल्या संपल्या बायकोचीही केली. अनुभवाशिवाय हे सुचत नाही.

या मयूखांचा मराठी माणसाशी आणखी एक संबंध आहे. पैठणहून सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट नावाचे विद्वान काशीत येऊन राहिले. त्यांच्या घराण्याने पुढे काशीचं पांडित्य पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ ताब्यातच ठेवलं. मुलगा नारायणभट्ट, पणतू निर्णयसिंधू लिहिणारे कमलाकरभट्ट, आणि त्यांचे पुतणे गागाभट्ट, जे १६७४ मध्ये रायगडावर गेले. (तिथे त्यांनी जी विशेषणं वापरली असतील त्यांत एकही जास्तीचं नव्हतं, हे या लेखातही नोंदवून ठेवतो. पुण्यात राहायचंय.) याच घराण्यातले नीलकंठभट्ट. त्यांनी सतराव्या शतकात धर्मशास्त्रावर प्रचंड ग्रंथ लिहिला, संस्कारांपासून शांतीपर्यंत बारा भागांचा. आश्रय दिला होता भगवंतदेव नावाच्या सेंगर ठाकुराने. यमुना आणि चंबळ जिथे मिळतात तिथे भरेह नावाचं गाव आहे, तिथला हा संस्थानिक. नीलकंठभट्टांनी ग्रंथाला नाव दिलं ‘भगवंतभास्कर’. आश्रयदाता सूर्य, आणि ग्रंथाचे बारा भाग म्हणजे त्याचे बारा मयूख.

चंबळेच्या काठच्या एका ठाकुराला सूर्य म्हणणं म्हणजे हरभऱ्याचं झाड नव्हे, हरभऱ्याचं अरण्य झालं. पण गंमत पुढे आहे. यातला ‘व्यवहारमयूख’ इंग्रजांच्या राज्यात मुंबईच्या कोर्टांत जाऊन पोचला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हिंदूंच्या वाटण्या, दत्तक, वारसा यांचे निवाडे त्याच्या आधाराने होऊ लागले. १८२७ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, पुढे १९२६ मध्ये पां. वा. काण्यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. भरेहच्या बाहेर भगवंतदेवांना आज कोणी ओळखत नाही. पण त्या सूर्याच्या एका किरणाने किती भावांमध्ये किती वाडे उभे चिरले, याची मोजदाद नाही.

या घराण्याचा खास विषय मीमांसा, आणि मीमांसकांनी अतिस्तुतीचं कोडं फार पूर्वीच सोडवून ठेवलंय. ते म्हणतात, शास्त्रात जिथे कशाचीही अफाट वाखाणणी दिसेल तिथे ती अक्षरशः खरी आहे की नाही यावर डोकं फोडू नका. त्याला ते अर्थवाद म्हणतात. अर्थवादाचं काम खरं सांगणं नाही, माणसाला कामाला लावणं. आसपास कुठेतरी एक विधी दबा धरून बसलेला असतो: हे कर. स्तुती ही त्या आज्ञेच्या पाठीवरची थाप.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मावशी म्हणते ‘जावईबापू चहा काय सुरेख करतात!’ हा अर्थवाद. विधी: जावईबापूंनी उठून चहा टाकावा. ‘महाराज’ हा अर्थवाद. विधी दीडशे रुपये. ‘भगवंतभास्कर’ हा अर्थवाद. विधी असा की पुढच्या मयूखाचेही पैसे वेळेवर यावेत. साहेब मला ‘तुमच्याइतकं शुद्ध कोणीच लिहीत नाही’ म्हणत आणि मी घरी मोहरून सांगत असे, तेव्हा ऑफिसचा वार्षिक अहवाल दरवर्षी मीच का लिहीत होतो त्याचाही आता उलगडा झाला. हे मी तिथल्या तिथे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘तुम्ही किती छान समजावता! जरा ही पिशवी धरा.’

पूजा झाली. गुरुजींनी जावईबापूंकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, ‘ललाट देखकर ही लगता है, बड़े अधिकारी हैं.’ जावईबापूंचं ललाट त्या वेळी घामाने निथळत होतं. मावशी हर्षून आम्हाला म्हणाली, ‘गुरुजी काय विद्वान आहेत!’ मराठी न कळताही गुरुजींना ते बरोबर कळलं आणि त्यांनी मंत्राचा आवाज चढवला. आवाज चढला तशी मावशीची श्रद्धा चढली, श्रद्धेबरोबर दक्षिणा चढली, आणि दक्षिणा दिसल्यावर ललाट ‘अधिकारी’वरून ‘राजयोगा’वर गेलं. मी मध्ये पडलो नसतो तर पंतप्रधानपदापर्यंत गाडी थांबत नव्हती.

मग उखाणा. स्तुतीत कंजूष असलेल्या आमच्या समाजाने ही एक पळवाट मात्र मोठी हुशारीने ठेवली आहे. एरवी नवऱ्याबद्दल बोलताना ‘आमच्या ह्यांना काही म्हणजे काही कळत नाही’ म्हणणारी बाई, हातात हळदीकुंकू आलं की यमकात त्याला चंद्र, मोती, श्रीराम, काय वाटेल ते करते. यमक जुळलं की सत्य माफ. मुलीने डोळे मिटून घेतला:

‘पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या बुडाल्या बावन्न,
अमुकरावांच्या सोबतीने जन्म झाला पावन.’

सगळ्या म्हणाल्या, ‘वा!’ अमुकराव तेव्हा दाराबाहेर बैलाचा फोटो काढत होते.

पायऱ्या मात्र खरोखर बुडाल्या होत्या. पावसाळ्यात गंगा चढते, घाट एकमेकांपासून तुटतात, नावा बंद होतात. मावशीला त्या बावन्न पायऱ्या बघायच्या होत्या, कारण गंगालहरीची कथा इथलीच. वाळीत टाकलेले जगन्नाथ पंडित पंचगंगेच्या वरच्या पायरीवर बसले, एकेक श्लोक म्हणत गेले आणि श्लोकागणिक गंगा एकेक पायरी वर आली, अशी आख्यायिका आहे. आम्ही गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. समोर नुसतं गढूळ, जोरात वाहणारं पाणी. एक नावाडी बांधून ठेवलेल्या नावेत आडवा झाला होता.

‘सीढ़ियाँ कहाँ हैं?’ मावशीने विचारलं.

‘नीचे हैं, माताजी.’ तो उठलाही नाही. ‘इस साल किसी ने दो बार पढ़ दी है.’

जगन्नाथ पंडितांचा आणि माझा परिचय शाळेतल्या संस्कृतच्या तासापुरता, पण या विषयात त्यांच्याइतका अधिकारी माणूस नाही. शाहजहानने त्यांना पंडितराज केलं. त्यांनी त्याच्या दरबारातल्या आसफखानावर ‘आसफविलास’ लिहिलं. कामरूपच्या प्राणनारायण राजावर ‘प्राणाभरण’ लिहिलं. शिवाय ‘जगदाभरण’ लिहिलं. ते उदयपूरच्या जगतसिंहावर की दारा शुकोहवर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेद होणारच, कारण ‘प्राणाभरण’ आणि ‘जगदाभरण’ ही जवळजवळ एकच काव्यं आहेत. राजाचं नाव तेवढं बदललंय. बाकी शौर्य तेच, दातृत्व तेच, शत्रूंच्या बायकांचे अश्रूही तेच. दिवाळीला एकच शुभेच्छा दोनशे लोकांना पाठवताना हल्ली आपल्याला उगाच अपराधी वाटतं. पंडितराजांना वाटलं नाही. आणि गंगेसाठी लिहायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी नवं लिहिलं. नदी मानधन देत नाही, म्हणून असेल.

या गावाला मधलं काही माहीतच नाही. आपल्या नाथांनी एकनाथी भागवत इथेच, १५७३ मध्ये पुरं केलं. आधी काशीच्या पंडितांनी जाब विचारला की हे मराठीत लिहायचं धाडस केलंच कसं. पोथी गंगेत टाकल्याची आणि गंगेने ती वर उचलून धरल्याची कथा सांगतात, आणि मग त्याच पोथीची हत्तीवरून मिरवणूक काढल्याचीही. एक तर नदीत, नाहीतर हत्तीवर. ‘पोथी बरी आहे, दुसऱ्या आवृत्तीत पाहू’ असं म्हणणारा पुणेकर त्या सभेत नव्हता.

स्तुती तंतोतंत मापून घेणारा एक माणूस मात्र या घाटाने पाहिलाय. इथल्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून रियाज करत. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. त्यानंतरची गोष्ट बनारसमध्ये सांगतात. एका शिष्येने भीतभीत म्हटलं, बाबा, आता एवढा मोठा सन्मान मिळालाय, लोक भेटायला येतात, ही फाटकी लुंगी नेसू नका. खाँसाहेब म्हणाले की भारतरत्न सनईला मिळालंय, लुंगीला नाही. आमच्याकडे नगरपालिकेचा ‘आदर्श कर्मचारी’ पुरस्कार मिळालेला माणूस त्या दिवसापासून भाजी घ्यायलाही जाकीट घालून जातो.

आमच्या जावईबापूंवर मात्र तोवर परिणाम व्हायला लागला होता. जन्म पावन करणारा, राजयोग असलेला हिरा वाटाड्याच्या मागून कसा चालेल? त्यांनी वाटाड्याला निरोप दिला, फोन बाहेर काढला आणि म्हणाले, ‘या माझ्या मागून.’ आम्ही गेलो. त्या गल्ल्यांत फोनमधला निळा ठिपका भिंतींतून आरपार जातो, माणसाला जाता येत नाही. आम्ही एका पानाच्या ठेल्यावरून गेलो, मग एका विहिरीपाशी डावीकडे वळलो, मग एका बैलाची परवानगी घेतली आणि पुन्हा त्याच ठेल्यापाशी आलो.

‘आइए गुरु, फिर दर्शन दिए!’ पानवाला म्हणाला.

‘बघ, लगेच ओळखलं त्यांना,’ मावशी मला म्हणाली. ‘व्यक्तिमत्त्वच तसं आहे.’

शेवटी त्या पानवाल्यानेच आम्हाला दुर्गा घाटाकडच्या एका मराठी घरी पोचवलं. या भागात, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या पट्ट्यात, पेशवाईपासूनची मराठी बिऱ्हाडं. मावशीच्या एका मैत्रिणीच्या ओळखीचं हे घर. आजोबा नव्वदीच्या आसपास, पंचा नेसलेले, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहूनही मराठी अशी ठणठणीत की मला माझ्याच क्रियापदांची लाज वाटावी. मधूनच ‘का गुरु’ येई तेवढंच. पंचांग मराठी. भिंतीवर श्रावण चालू होता. मावशीचा जीव भांड्यात पडला.

आजींनी साबुदाण्याची खिचडी दिली. मावशीने लेकीची ओळख करून दिली, मग आवाज बदलून म्हणाली, ‘आणि हे आमचे जावई.’

आजोबांनी चष्मा वर करून जावईबापूंना नखशिखांत पाहिलं. आम्ही सगळे थांबलो. काशीचे संस्कार, त्यात मराठी वाणी. आता काय येतं म्हणून मावशी पदर सावरून बसली.

‘बरा आहे मुलगा,’ आजोबा म्हणाले.

माझ्या वडिलांच्या पिढीत या वाक्यावर लग्नं ठरली आहेत. पण मावशीचा चेहरा उतरला. सकाळपासून अधिकारी, राजयोग, गुरु अशा चढत्या भावात व्यवहार केल्यावर हे एकदम मूळ किमतीवर येणं तिला झेपेना. ‘बरा म्हणजे?’ ती मला कुजबुजत म्हणाली. ‘काही खटकलं का त्यांना?’ जावईबापूंनी खिचडीची बशी खाली ठेवली. मुलगी मात्र हसू दाबत होती. आजींनी परिस्थिती ओळखून जावईबापूंना दही वाढलं आणि आजोबांना डोळ्यांनी काहीतरी बजावलं. त्या विधीचा आजोबांवर काही परिणाम झाला नाही.

मावशी हार मानणारी नव्हती. तिने विषय माझ्यावर आणला. ‘आणि हा माझा भाचा. मोठा लेखक आहे.’

‘काय लिहिता?’ आजोबांनी विचारलं.

‘विनोदी लेख,’ मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

‘विनोदी,’ आजोबा म्हणाले, ‘असं कोण म्हणतं?’

घरात शांतता पसरली. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं; तिने माझं काही वाचलेलं नव्हतं.

‘मी म्हणतो,’ जावईबापू अचानक म्हणाले. ‘दादांसारखं लिहिणारा आज मराठीत दुसरा कोणी नाही.’

मी खिशातून पाकीट काढलं. कशासाठी, ते अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.